कुठला मासा, कुठल्या पाण्यात

पुण्याचं नाव लावणारा एक मासा आहे, आणि बहुतेक पुणेकरांनी तो कधी पाहिलेला नाही. ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. बोटभर लांबीचा, मिशाळ, मातकट रंगाचा. बाजारात कुणी विचारणार नाही असा. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये त्याचं बारसं केलं. वरून पाहिला तर त्यात विशेष काही नाही. उलटा धरला की मात्र आ वासायला होतं. त्याच्या छातीवर, दोन्ही कल्ल्यांच्या मधोमध, कातडीच्या बारीक समांतर घड्या घातलेल्या असतात. भिंगाखाली त्या घड्यांच्या कडांवर सूक्ष्म काटे दिसतात. एवढ्या भांडवलावर हा मासा खळाळात धोंड्याला छाती टेकवून राहतो. जिथे गुडघाभर पाण्यात माणसाचे पाय सुटतात, तिथे तो खुशाल बसलेला असतो.

या छातीवरून नदीबद्दल किती कळतं पाहा. घड्यांची पकड बसायची तर धोंडा स्वच्छ हवा. त्यावर गाळाचा थर किंवा सांडपाण्यातली बुळबुळीत साय चढली की छाती टेकवूनही उपयोग नाही. मुळात धोंडे, गोटे जागेवर हवेत, कुणी उपसून नेलेले नकोत. पाणी धावतं हवं, कारण अशा पाण्यातच त्याला पुरेल एवढा प्राणवायू असतो. आणि ते बारमाही हवं, निदान उन्हाळ्यात कुठेतरी दडायला ओल तरी हवी. म्हणजे असा एक मासा हाती लागला, तर कुठलंही यंत्र न लावता नदीची चार प्रमाणपत्रं मिळाली. तो सापडला नाही, तर उलटा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. जाळं चुकीच्या जागी पडलेलं असू शकतं. पण शोधून शोधून सापडेना आणि त्याच्या जागी भलतेच मासे येऊ लागले, तर तीही साक्षच म्हणायची.

पाण्याची तपासणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बाटली येते. काठावरून नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत द्यायचा, आकडे आणायचे. ते आकडे खोटे नसतात, फक्त ते त्या क्षणाचे असतात. बाटलीवर नदीचा निवाडा करणं म्हणजे पाच मिनिटं चहाला आलेल्या पाहुण्याला घरच्या भांडणांबद्दल विचारण्यासारखं आहे. विचारायचं तर वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्या भाडेकरूला विचारावं.

उदाहरण प्राणवायूचं घेऊ. संथ झालेल्या, सांडपाणी मिळालेल्या पात्रात शेवाळ माजतं. ऊन चढलं की शेवाळ प्राणवायू सोडू लागतं, आणि दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यात तो भरपूर दिसतो. कधी तर गरजेपेक्षाही जास्त. अंधार पडला की प्राणवायूचं उत्पादन बंद होतं, पण श्वास घेणं कुणाचंच थांबत नाही. शेवाळ, जिवाणू, किडे, मासे सगळे त्याच साठ्यावर तुटून पडतात. पहाटे चारच्या सुमारास साठा तळाला गेलेला असतो. त्या वेळी बाटली घेऊन काठावर कुणी उभं नसतं. मासा मात्र तिथेच असतो, आणि जे काही व्हायचं ते त्याचंच होतं. पहिल्या वळवाच्या सरींनी नाल्यांतला महिनोन्‌महिन्यांचा गाळ ढवळून नदीत आणला की इंद्रायणी, पंचगंगेच्या काठी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. त्यामागेही बहुतेकदा अशीच एखादी काही तासांची गळचेपी असते. दुसऱ्या दिवशी नमुना घ्यायला जावं तर पाणी पुढे निघून गेलेलं.

मासा इतका हळवा का, याचं उत्तर कल्ल्यांत आहे. पंचवीस अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो तीसेक पट असतो. एवढ्या गरीब माध्यमातून जगण्यापुरता श्वास काढायचा तर काटकसर कमालीची हवी. म्हणून कल्ल्यांतून पाणी एका दिशेने जातं आणि रक्त नेमकं उलट दिशेने वाहतं. त्यामुळे रक्ताला प्रत्येक टप्प्यावर आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू असलेलं पाणी भेटत राहतं. या उलटसुलट प्रवाहामुळे पाण्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंत प्राणवायू मासा काढून घेऊ शकतो. आपल्या फुप्फुसांची हवेतल्या प्राणवायूचा चौथा हिस्सा घेतानाच पुरेवाट होते. पण इतकं पातळ, इतकं उघडं इंद्रिय सतत पाण्यात धरायचं म्हणजे पाण्यात जे असेल ते अंगात घ्यायचं: अमोनिया, धातू, गाळाचे कण, सगळंच.

काही माशांनी या कोंडीतून वाट काढली आहे. मरळ वर येऊन हवेचा घोट घेते. शिंगी आणि मांगूर यांच्या अंगात कल्ल्यांखेरीज हवा साठवण्याची वेगळी सोय असते. हे आपल्याच मातीतले मासे, दलदलीत आणि आटत्या डबक्यांत जगायला शिकलेले. तेव्हा नदीत मरळ सापडली म्हणून काळजी करू नये. पण एखाद्या टप्प्यात जाळं टाकावं आणि त्यात हवेचा घोट घेणाऱ्यांखेरीज कुणीच येऊ नये, तर पाण्यात श्वास घेणाऱ्यांचं तिथे काय झालं हे विचारायला हवं.

माशाच्या डोक्यातही नोंदवही असते. कानाच्या पोकळीत चुन्याचा एक इवला खडा असतो, त्याला ओटोलिथ म्हणतात. तोल सांभाळणं आणि ऐकणं ही त्याची कामं. तो आयुष्यभर थरावर थर चढवत वाढतो. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात हे आपण शाळेत शिकतो. पण या खड्यात दिवसांची वलयं असतात, हे १९७१ मध्ये जॉर्जिओ पॅनेला यांनी दाखवून दिलं. त्या थरांत कुठली मूलद्रव्यं किती आहेत हे मोजता येतं. त्यावरून मासा कोणत्या पाण्यात वाढला, गोड्या की खाऱ्या, याचा माग काढता येतो. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या खड्यावर एका जिवाचं प्रवासवर्णन कोरलेलं असतं, हे मला कितीही वेळा वाचलं तरी नवंच वाटतं.

माशांकडून नदीची साक्ष काढायची ही पद्धत नीट बसवली ती अमेरिकेत. १९७२ च्या तिथल्या स्वच्छ पाणी कायद्यात नद्यांची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता जपावी असं म्हटलं होतं. रसायनं मोजता येत होती. जैविक अखंडता कशी मोजायची हे कुणी सांगितलं नव्हतं. जेम्स कार हे परिसरशास्त्रज्ञ तेव्हा इंडियाना राज्यातल्या ब्लॅक क्रीक नावाच्या ओढ्यावर काम करत होते. शेतातली माती वाहून जाऊन ओढ्याचं काय होतं हा तिथला प्रश्न होता. १९८१ मध्ये कार यांनी एक साधी दिसणारी गुणपत्रिका मांडली. माशांबद्दल बारा प्रश्न, प्रत्येकाला एक, तीन किंवा पाच गुण. एकूण बारा ते साठ.

प्रश्न मात्र साधे नव्हते. किती जातींचे मासे मिळाले, हा पहिला. पण हा आकडा दुसऱ्या कुठल्या नदीशी ताडायचा नाही. तेवढ्याच आकाराच्या, न बिघडलेल्या ओढ्यात त्या भागात किती जाती असायला हव्यात, त्याच्याशी ताडायचा. तळाशी गोट्यांत राहणाऱ्या डार्टर माशांच्या किती जाती? प्रदूषण अजिबात न सोसणाऱ्या किती? कशालाही न जुमानणाऱ्या ग्रीन सनफिशचं प्रमाण किती? मिळेल ते खाणारे किती, फक्त कीटक खाणारे किती, दुसरे मासे खाणारे किती? आणि शेवटचा प्रश्न: किती माशांच्या अंगावर गाठी, व्रण, झिजलेले पर, वाकडे कणे आहेत? मला या यादीतला जेवणाचा भाग सगळ्यात चलाख वाटतो. नदी बिघडते तेव्हा आधी तळाचे किडे जातात, मग फक्त किड्यांवर जगणारे मासे जातात, आणि काहीही चालणारे सर्वभक्षी मागे उरतात. माशांची एकूण संख्या तेव्हा वाढलेलीही असू शकते. ‘नदीत मासे भरपूर आहेत’ हे वाक्य म्हणूनच काहीच सांगत नाही.

ही गुणपत्रिका जशीच्या तशी उचलून चालत नाही. आपल्याकडे डार्टर नाहीत, ग्रीन सनफिशही नाही. प्रत्येक खोऱ्याला प्रश्न नव्याने बेतावे लागतात. भारतात हे काम झालं ते मराठी माणसाला ओळखीच्या मुलुखात, माळव्यात. खान नदी होळकरांच्या इंदूरमधून वाहते आणि उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. व्ही. गणसन आणि रॉबर्ट ह्यूज यांनी या दोन नद्यांच्या माशांना कार यांची पद्धत लावली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. शहरांच्या वरच्या अंगाला गुण चांगले, शहरांचं पाणी मिळाल्यावर घसरलेले. हे कुणीही नाकावर रुमाल धरून सांगितलं असतं, असं वाटेल. पण रुमाल धरणाऱ्याला किती घसरले आणि कुठून सावरू लागले हे सांगता येत नाही. बाहेरून आणलेल्या माशांचं प्रमाण हाही त्या हिशेबात गुण कापण्याचा एक मुद्दा होता.

अशा गुणपत्रिकेला जुनी यादी लागते. पूर्वी इथे कोण होतं, हे कळल्याशिवाय कोण गेलं हे कसं कळणार? याबाबतीत पुण्याचं नशीब विलक्षण आहे. विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. जाता जाता त्याने पक्षी नोंदले, मासेही नोंदले. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि कितीतरी जातींना भोई-कोळ्यांच्या तोंडची नावंच शास्त्रीय म्हणून ठेवून दिली. पुढे होरा आले, १९४२ मध्ये फ्रेझरची पुण्याच्या माशांची यादी आली, १९६३ मध्ये तोनापी आणि मुल्हेरकरांची. २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेतले मासे पुन्हा मोजले. त्याच वर्षी संजय खरात, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातले दीर्घकाळाचे बदल तपासले. एका शहराच्या नदीबद्दल दीडशेहून जास्त वर्षांच्या जबान्या एका ओळीत! त्या शेजारी शेजारी ठेवल्या की जुन्या यादीतली कित्येक नावं नव्या यादीत सापडत नाहीत. आणि नव्या यादीत अशी नावं भेटतात जी साइक्सच्या कानांवर पडणंही शक्य नव्हतं.

साइक्सच्या यादीतला एक मासा तर मला झोप लागू देत नाही. त्याने दख्खनमधल्या एका अहिराला, म्हणजे गोड्या पाण्यातल्या सापासारख्या लांब माशाला, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव दिलं. अहीर नदीत वाढतो, पण जन्मतो खोल समुद्रात. आता नकाशा काढा. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अहिराचं काचेसारखं पारदर्शक पिल्लू आंध्रच्या किनाऱ्याला लागून, प्रवाहाविरुद्ध हजाराहून जास्त किलोमीटर चढत दख्खनच्या पठारावर येत होतं. म्हणजे त्या काळी समुद्रापासून दख्खनपर्यंतचं सगळं पाणी एकसंध होतं, याचा पुरावा एका माशाच्या अंगात होता. आज त्या वाटेवर नागार्जुनसागर आहे, श्रीशैलम आहे आणि उजनी आहे. उजनीच्या वर अहिराचं नवं पिल्लू सापडलं, तर त्याच्या कानातला खडा कापून पाहायला कोण धावणार नाही?

इतका लांबचा नाही, पण तसलाच प्रवास कोकणात आणि घाटमाथ्यावर लोकांना चांगला ठाऊक आहे. मृगाचा पाऊस लागून ओढे भरले की मासे अंडी घालायला वर चढू लागतात. पाणी भरलेल्या भातखाचरांपर्यंत पोचतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते पकडायला रात्री बत्त्या घेऊन गावं बाहेर पडतात. चढण ही आपल्या देशी माशांच्या आयुष्याची किल्ली आहे. पाण्याचा वाढता वेग, गढूळपणा, तापमानातली घट यांवरून त्यांना कळतं की वेळ झाली. त्यांचं पंचांग म्हणजे पूर. धरणाने पूर अडवला, उन्हाळ्यात आवर्तन सोडलं, पावसाळ्यात दारं बंद ठेवली, की पंचांगाची पानं उलटसुलट होतात. पाणी रसायनांच्या दृष्टीने निर्मळ असूनही चढणीचे मासे मग कमी होतात. बाटलीतल्या नमुन्यात या बिघाडाची खूणही दिसणार नाही.

इथे चिलापीचा प्रवेश होतो. बहुतेक लोकांना ती इथलीच वाटते, इतकी ती ढाब्यांवर रुळली आहे. भिगवण-इंदापूरकडे गाडी थांबवून तळलेली चिलापी खाणाऱ्यांना ती परकी आहे हे सांगून पाहा. चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया, आग्नेय आफ्रिकेतला मासा. तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याला पुराचं पंचांग लागत नाही. नर संथ पाण्याच्या तळाशी बशीएवढा खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. पिल्लं तोंडातच फुटतात. फुटल्यावरही थोडे दिवस ती आईच्या तोंडाबाहेर घोळक्याने फिरतात आणि सावली हलली की सगळी परत आत घुसतात. तोपर्यंत आई जवळजवळ उपाशी. हे दृश्य काचेच्या टाकीत पाहिलेला माणूस चिलापीवर रागावू शकणार नाही. पण धरणाच्या दृष्टीने पाहा: खळाळाची गरज नाही, पुराची गरज नाही, गोट्यांची गरज नाही, वर्षातून अनेकदा वीण, आणि पिल्लांचं रक्षण तोंडात. उजनीच्या जाळ्यांत ती भरून येते याचं नवल नाही. भीमेचं तळं झालं आहे, एवढंच ती सांगते.

गप्पीची गोष्ट वेगळी. डेंग्यू-हिवतापाच्या मोहिमेत नगरपालिका, ग्रामपंचायती गप्पी मासे वाटतात, हौदांत आणि गटारांत सोडतात. हा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला मासा. त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ मध्ये याच कामासाठी भारतात आला. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. त्यामुळे प्राणवायू संपलेल्या पाण्यातही पृष्ठभागाची हवेला टेकलेली केसाएवढी पातळ साय तो चाटत राहतो, आणि त्या सायीत प्राणवायू असतो. मादी पिल्लांनाच जन्म देते, आणि नराचं बीज महिनोन्‌महिने अंगात साठवून ठेवते. एकटी मादी वाहून गेली तरी नवी वसाहत उभी. शहरातल्या काळ्या नाल्यात काहीतरी चुळबुळताना दिसतं, ते बहुधा हेच. डास खाण्यासाठी आपल्याच ओढ्यांत, डोक्यावर चांदीचा ठिपका मिरवणारा पिकू मासा होता. पण पिकू वाटण्याची मोहीम कुणी काढली नाही.

पुढची पाहुणेमंडळी घरातल्या टाक्यांतून आली. काच साफ करायला म्हणून आणलेला, अंगावर चिलखत असलेला सकर मासा मोठा झाला की लोक तो ‘पुण्य म्हणून’ नदीत सोडतात. तो हवा गिळून जठरातून प्राणवायू घेऊ शकतो आणि विणीसाठी काठाच्या मातीत बिळं कोरतो. आफ्रिकन मांगुराच्या शेतीवर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, तरी तो थाई मांगूर या नावाने चोरून वाढवला जातो आणि तळी फुटली की नदीत येतो.

आता एक कठीण प्रश्न. हे परके मासे नदी बिघडवतात, की नदी बिघडली म्हणून ते येतात? दोन्ही घडतं, आणि दोन्ही वेगळं वाचावं लागतं. काळ्या नाल्यातला गप्पी हे बहुतेकदा लक्षण आहे. तो काढला तरी नाला सुधारत नाही. स्वच्छ ओढ्यात सोडलेला गॅम्बुसिया मात्र बेडकांची पिल्लं आणि देशी माशांची अंडी खातो. तिथे तो स्वतःच रोग आहे. पाणी अजून चांगलं आहे आणि तरीही परके वाढत आहेत, अशी नदी दिसली तर ती फार काळजीपूर्वक पाहावी. तिथे जे चाललं आहे ते रसायनाच्या अहवालात उमटणार नाही.

आणि परका म्हणजे परदेशीच असं नाही. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांचं मत्स्यबीज आपल्या धरणांत वर्षानुवर्षं सोडलं जातं. ताटात ते अस्सल भारतीय, पण कृष्णेच्या दृष्टीने पाहुणे. माशाला देशाची सीमा कळत नाही, पाणलोटाची कळते.

या सगळ्याचा सर्वांत चमत्कारिक नमुना आपल्या लोणावळ्यातून निघाला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून साइक्सने एका महसीराला खुद्री हे नाव दिलं. तळहाताएवढे खवले, निळसर पर, मोठ्या नद्यांच्या डोहांत राहणारा. महाडजवळच्या वाळण कोंडीत, वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या देवळाशी वैतरणेत महसीर देवाचे म्हणून राखले गेले आहेत. लोक त्यांना लाह्या घालतात, मारत नाहीत. पण देवळाबाहेरच्या नद्यांत महसीर घटत होते. तेव्हा लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्रीची कृत्रिम वीण यशस्वी करून दाखवली. हे सोपं नव्हतं. महसीर अंडी मोजकी घालतो आणि पिल्लं सावकाश वाढतात. तरी तिथे लाखोंनी बोटुकली तयार झाली आणि देशभर वाटली गेली. भलं काम म्हणूनच सगळे त्याकडे पाहत होते, आणि ते होतंही.

त्यातली काही कावेरीत गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा आहे: नारिंगी परांचा, मानेवर मदार असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये व्हॅन इंगेन यांनी गळाने पकडलेला १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महसीर आजही गळवाल्यांच्या गप्पांत असतो. गलिबोरेच्या तळावर गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या हौशी लोकांनी १९९८ ते २०१२ या काळात आपापल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी त्या चाळल्या. वर्षामागून वर्ष निळ्या परांचे मासे वाढत गेलेले, मदारवाले घटत गेलेले. आणखी एक गोष्ट लक्षात आली: ज्या महाकाय माशासाठी शंभर वर्षं लोक कावेरीवर येत होते, त्याला स्वतःचं पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. ते २०१८ मध्ये निश्चित झालं, टॉर रेमादेवी. कावेरीच्या पांबर या उपनदीतल्या लहान माशांवरून आधी वर्णन केलेली जात म्हणजेच हा महाकाय मासा, हे तेव्हा उमगलं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

समजा त्या काळात कुणी कावेरीची गुणपत्रिका भरायला बसलं असतं आणि एका रकान्यात ‘महसीर: किती’ एवढंच लिहिलेलं असतं. महसीर म्हणजे स्वच्छ पाणी, मोठे डोह, भरपूर प्राणवायू. सगळे गुण त्याला मिळाले असते. निळे पर वाढत होते, त्यामुळे नदीचे गुण वर्षागणिक वाढत गेले असते, आणि त्याच वर्षांत कावेरीचा स्वतःचा मासा संपत आला असता. म्हणून अशा यादीत महसीराचे दोन रकाने हवेत. तोच खुद्री मुळा-मुठेत सापडला तर गुण मिळवतो आणि कावेरीत सापडला तर कापून घेतो. पराचा रंग नारिंगी की निळा, हे मासा पाण्याबाहेर काढून, उन्हात धरून, पाहावं लागतं.